उत्कर्षाची गाडी

प्रल्हादराव देवकुळे यांनी जयपुरातल्या एका सरकारी कॉलेजात एकतीस वर्षं लोकप्रशासन हा विषय शिकवला. लोकप्रशासन शिकवणाऱ्या माणसाला सरकारी खिडकीसमोर उभं राहायची वेळ येत नाही, कारण त्याचे विद्यार्थी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेले असतात. रेशनकार्ड, लायसन्स, घराच्या मालकीचा पट्टा, सगळं त्यांना घरपोच आलं, आणि आपल्या देशातली यंत्रणा उत्तम चालते असं त्यांचं प्रामाणिक मत झालं. ते यंदाच्या नोव्हेंबरपर्यंत टिकलं.

आम्ही जयपूरच्या मानसरोवर भागात एका गल्लीत राहतो. ते वाईचे, मी मिरजेचा. परमुलखात एवढ्या भांडवलावर घरोबा होतो आणि मग तो मोडायला निमित्त सापडत नाही. त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी इथल्या एका इस्पितळात नर्स म्हणून लागल्या आणि जूनमध्ये मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. निवृत्त होताच त्यांनी सुपाऱ्या रंगवायला घेतल्या. कारण असं, की पुण्याला नर्सिंग शिकताना त्यांच्या खोलीत जयंती नावाची मैत्रीण होती. तिनं पोखऱ्याच्या एका नेपाळी डॉक्टरशी लग्न केलं आणि ती तिकडचीच झाली. तिच्या मुलीचं, शमिकाचं, लग्न सव्वीस नोव्हेंबरला ठरलं. जयंतीच्या माहेरी आता कोणी उरलेलं नाही. फोनवर ती एकदा म्हणाली, बाकी सगळं होईल गं, रुखवत कोण मांडणार. वहिनी म्हणाल्या, मी मांडते.

त्यांनी चार महिने त्यावर घालवले. सुपारीचं वऱ्हाड केलं: फेटेवाले, नऊवारीवाल्या, सनईवाला, रुसलेला जावई. खडीसाखरेचं तुळशीवृंदावन केलं. लोकरीची तोरणं, साटोऱ्या, कुरडया, काचेच्या पेटीतली सप्तपदी. चार खोकी भरली. पंचवीसला हळद, म्हणून चोवीसला पोचायचं. बावीसला गोरखपूरची गाडी धरायची, तिथून बसनं सीमेवर, पलीकडे दुसरी बस. हा वहिनींचा बेत होता. त्यात काही खोट नव्हती, फक्त तो प्रल्हादरावांना विचारून केलेला नव्हता.

"ट्रेननं?" प्रल्हादराव म्हणाले. "सुपारीचं वऱ्हाड ट्रेननं?"

आणि त्यांनी ठरवलं की मोटारनं जायचं. आपली गाडी, आपण चालवायची, थेट परराष्ट्रात. 'आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग' हा शब्द त्यांनी त्या दिवसापासून वापरायला सुरुवात केली आणि दूधवाल्यापर्यंत पोचवला. मला त्यांनी सहचालक नेमलं. माझी पात्रता म्हणजे माझ्याकडे लायसन्स आहे, स्कूटरशिवाय दुसरं वाहन नाही आणि नाही म्हणायची सवय नाही. माझी बायको विनया हिला आरोग्य आणि खानपान ही दोन खाती मिळाली. गाडीत एक निवृत्त मेट्रन असणार आहे, हे खातेवाटपाच्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग फाइल सुरू झाली. फाइल म्हणजे काय, ते प्रल्हादरावांची फाइल पाहिल्याशिवाय कळत नाही. चौदा कप्पे, प्रत्येकाला निराळ्या रंगाची चिठ्ठी, सुरुवातीला अनुक्रमणिका, शेवटी कोरे कागद 'आयत्या वेळच्या विषयांसाठी'. वाटेतल्या पेट्रोलपंपांची यादी तिच्यात होती. चारही जणांचे रक्तगट होते. माझा चुकीचा होता, पण बोलायची सोय नव्हती, कारण पान प्लास्टिकमध्ये सीलबंद झालं होतं.

आमेरचा एक टॅक्सीवाला प्रवाशांना घेऊन दोनदा काठमांडूला जाऊन आला होता. प्रल्हादराव त्याच्याकडे जाऊन तासभर बसले आणि 'भन्सार' हा शब्द घेऊन आले. भन्सार म्हणजे नेपाळी कस्टम, आणि गाडी आत न्यायला तिथे जो परवाना फाडतात तोही भन्सारच. शब्द त्यांच्या जिभेवर असा बसला की पंधरा दिवस तो उतरेना. वहिनींनी खोक्याला दोरी बांधली तर 'भन्सारला सोडावी लागेल' म्हणत. विनया त्याला एकदा परवाना म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला दुरुस्त केलं. टॅक्सीवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. गाडीचा मालक स्वतः गाडीत हवा, त्याचं ओळखपत्र आणि गाडीचे कागद जुळायला हवेत. मालक नसेल तर त्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र हवं. हे प्रल्हादरावांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. मालक गाडीत असणारच होता. मालक म्हणजे ते.

पंधरा तारखेला फाइल-तपासणीची बैठक त्यांच्या घरी भरली. त्यांचा मुलगा यश दिवाळीला गुडगावहून आला होता आणि अजून गेला नव्हता. कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन तो ऑफिस करत होता. वहिनी जमिनीवर बसून रुसलेल्या जावयाला मिशा काढत होत्या. मला वाचनाचं काम होतं. पहिला कप्पा पेट्रोलपंप, दुसरा विमा. तिसऱ्यात गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे आरसी. आरसी ही वस्तू पोलिसाला दाखवायची असते, ती वाचत कोणी नाही. मी वाचली.

मालकाचं नाव: उत्कर्षा प्रल्हाद देवकुळे.

मी विचारलं, ह्या कोण.

यशनं मान वर केली. "पापा, मतलब, ही उत्कर्षा आंटी कोण आहे?"

पोरगं सत्तावीस वर्षांचं आहे. त्याचा प्रश्न अगदी निरागस होता. वहिनींनी ब्रश पाण्यात बुचकळला, निथळला आणि दुसरी मिशी काढायला घेतली.

"आंटी कसली," प्रल्हादराव म्हणाले. "तुझी आई."

मग खुलासा झाला. चौऱ्याण्णव साली वाईला लग्न लागलं, तेव्हा रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून त्यांच्यासमोर ठेवले. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात बायकोचं नवीन नाव लिहायचं असतं. कुसुम हे नाव प्रल्हादरावांना जुनाट वाटत होतं. त्यांनी घरून तीन नावं काढून आणली होती, त्यातलं उत्कर्षा लिहिलं. वऱ्हाडातल्या कोणीतरी ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा वहिनींना आपलं नाव कळलं. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला.

पुढं वहिनी नोकरीला लागल्या. सर्टिफिकिटं सगळी कुसुम फरांदे नावाची. नाव बदलायचं तर गॅझेट आणा, असं आस्थापनेच्या क्लार्कनं सांगितलं. गॅझेट कोणी आणायचं ते घरात ठरलं नाही, आणि वहिनी कुसुम फरांदे म्हणूनच एकतीस वर्षं ड्युटी करत राहिल्या. पॅन, आधार, मतदार कार्ड, पेन्शन, झाडून सगळं कुसुम फरांदे. उत्कर्षा राहिली ती रेशनकार्डावर, कारण रेशनकार्ड एका विद्यार्थ्यानं सरांना विचारून घरपोच केलं होतं. आणि गाडीवर.

गाडी ही लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाची भेट होती. प्रल्हादरावांनी ती पत्नीच्या नावावर घेतली, रेशनकार्ड जोडलं, लाल फीत बांधून दारात उभी केली. वहिनींना गाडी चालवता येत नाही. शिकायचं म्हणाल्या होत्या, पण गाडी नवी होती तोवर ती शिकण्यासाठी देणं बरं दिसेना, आणि जुनी झाल्यावर कोणी विषय काढला नाही. थोडक्यात, आपण जिला निर्माण केलं त्या बाईला प्रल्हादरावांनी गाडी भेट दिली होती आणि अकरा वर्षं तिच्या वतीनं ते ती चालवत होते.

"म्हणजे सीमेवर मालक लागेल," मी म्हणालो.

"मालक गाडीत आहेच की," प्रल्हादराव म्हणाले. "फक्त कागदावर थोडं निराळं आहे. प्रशासकीय भाषेत याला तफावत म्हणतात. दोन दिवसांचं काम."

वहिनींनी जावई वाळायला ठेवला. "पंचवीसला हळद आहे. तोवर होणार का, एवढं सांगा."

होणार, असं त्यांनी सांगितलं.

अठरा तारखेला आम्ही चौघं कलेक्टर कचेरीच्या फाटकाबाहेर भँवरलालजी नोटरींच्या टेबलापाशी उभे होतो. यश कॉलवर आहे म्हणून आला नाही. मधले दोन दिवस प्रल्हादरावांचे विद्यार्थी शोधण्यात गेले. त्यांची बढती झाली होती, बदली झाली होती, एकाला तर निलंबित केलं होतं. शेवटी खिडकीच्या अलीकडून जे करता येतं तेच करायचं ठरलं: कुसुम आणि उत्कर्षा ही एकच बाई आहे, असं शपथपत्र.

भँवरलालजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मतदार कार्ड: कुसुम फरांदे, पती प्रल्हाद देवकुळे. आरसी: उत्कर्षा देवकुळे, पती प्रल्हाद देवकुळे. त्यांनी दोन्ही पुन्हा वाचले आणि चष्मा काढला.

"साहब," ते म्हणाले, "कागज के हिसाब से तो आपकी दो घरवाली हैं."

प्रल्हादराव हसले. भँवरलालजी हसले नाहीत. त्यांनी नाव कधी बदललं ते विचारलं. गॅझेटची तारीख विचारली. प्रल्हादरावांनी त्यांना तांदळाची हकीकत सांगितली. वर्गात सांगतात तशी सांगितली, आधी परंपरेची पार्श्वभूमी, मग स्वरूप, मग सामाजिक आशय. भँवरलालजींनी ती सगळी ऐकली. माणूस धंद्याला पक्का होता, त्यांनी त्यातून कामाचं तेवढं उचललं.

"नाम चावल में लिखा?"

"अंगूठी से."

"तो वो चावल अब कहाँ है?"

प्रल्हादराव म्हणाले, खाल्ला.

विनयाला खोकला आला. ती बाजूला जाऊन पाणी प्याली आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभी राहिली.

मूळ दस्तऐवज खाऊन टाकलेला असल्यामुळे आता साक्षीदार हवेत, असं भँवरलालजींनी सांगितलं. मॅडमना दोन्ही नावांनी ओळखणारे. टेबलाभोवती आम्ही होतोच. त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, की आपण मॅडमना काय म्हणून हाक मारता. वहिनी, मी म्हणालो, चार माणसांत कुसुमवहिनी. उत्कर्षा कधी म्हणालात का? शपथेवर विचारत होते, त्यामुळे मी नाही म्हणालो. प्रल्हादरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की सहचालकपद तिथेच गेलं असावं. विनयाला विचारलं, तीही वहिनीच म्हणते. मुलगा? मम्मी. इस्पितळात? सिस्टर, नंतर मॅडम. महाराष्ट्र मंडळात? देवकुळेवहिनी. एक फोन यशलाही करून झाला. तो म्हणाला की पापा, मी तर परवा पहिल्यांदा ऐकलं, मतलब मी कसा साइन करू.

बाजूच्या टेबलावरचा टायपिस्ट काम थांबवून ऐकत होता. त्याच्या समोर जमिनीच्या वाटपाचं प्रकरण होतं, पण हे प्रकरण त्याला अधिक रंगलेलं वाटलं असावं.

"आप तो पति हैं," भँवरलालजी प्रल्हादरावांना म्हणाले. "आप क्या कहके बुलाते हैं?"

एवढा वेळ प्रल्हादराव कोणत्याच प्रश्नाला अडले नव्हते. या प्रश्नाला ते खरोखर विचारात पडले. एकतीस वर्षं मागे जाऊन येताना ते आम्हाला दिसले. आंघोळीचं पाणी, चहा, चष्मा कुठे आहे, डॉक्टरकडे निघायचं आहे, पोरगा पास झाला. माणूस खोटं बोलणारा नव्हे, हे त्यांच्याविषयी कबूल करायला हवं.

"अगं," ते म्हणाले.

भँवरलालजींनी मान डोलावली आणि टायपिस्टाला मजकूर सांगायला सुरुवात केली. टायपिस्टाचा हात चांगला चालत होता. मैं, श्रीमती कुसुम फरांदे उर्फ श्रीमती उत्कर्षा देवकुळे उर्फ श्रीमती अगं, शपथपूर्वक बयान करती हूँ. कागद बाहेर आला तेव्हा प्रल्हादरावांनी तिसरं नाव काढा म्हणून सांगितलं. टायपिस्ट म्हणाला, स्टँप पेपरवर खाडाखोड चालत नाही, नवीन घ्यावा लागेल, आणि स्टँपवाला जेवायला गेलाय.

वहिनींनी कागद हातात घेतला. "राहू द्या ते," त्या म्हणाल्या. "एवढं एक खरं आहे."

त्या पुढे वाचत गेल्या. मेट्रनला वाचायची सवय असते, औषधाच्या बाटलीपासून डिस्चार्जपर्यंत सगळं वाचूनच सही करायची. चौथ्या कलमाशी थांबल्या. त्यात लिहिलं होतं, की गाडीच्या नोंदणी अर्जावरची उत्कर्षा देवकुळे ही सही माझीच आहे.

"हा अर्ज आहे का फाइलीत?"

प्रल्हादरावांच्या फाइलीत सगळंच होतं. तिसरा कप्पा, हिरवी चिठ्ठी, झेरॉक्स. खाली मालकाची सही: उत्कर्षा देवकुळे. झोकदार सही होती. 'उ' ला डौलदार वळसा, शेवटी खाली दुहेरी रेघ. अशी सही करणारी बाई स्वतःवर खूष असली पाहिजे.

"ही कोणी केली?"

"तेव्हा सरप्राइज होतं ना," प्रल्हादराव म्हणाले. "तुला सही मागितली असती तर कळलं असतं."

भँवरलालजींनी पेनाला टोपण लावलं. आपण आत्ता काही ऐकलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मग पुन्हा टोपण काढलं आणि एक व्यवहारी सल्ला दिला. मॅडमनी हीच सही दहा-बारा वेळा घोटून घ्यावी. शपथपत्रावर तशीच यायला हवी. पुढे अधिकारपत्रावर, भन्सारच्या फॉर्मवर, सगळीकडे तीच. जमते, बायकांचा हात हलका असतो.

प्रल्हादरावांना हा मार्ग पटला. पटकन पटला, ते पाहण्यासारखं होतं. त्यांनी फाइलीच्या शेवटचा एक कोरा कागद काढला, आयत्या वेळच्या विषयांसाठीचा, तो वहिनींपुढे ठेवला आणि त्यांच्या हातात पेन दिलं. आधी स्वतः एकदा करून दाखवली. अकरा वर्षांनीही हात बसलेला होता.

"हे बघ, 'उ' खालून उचलायचा. आणि इथे असा झोल द्यायचा. घाई करायची नाही. तुझी सही जरा शाळकरी येते, ती इथे चालणार नाही."

तर परिस्थिती अशी होती. वहिनींनी स्वतःची सही शिकायची होती. ती नवऱ्यानं त्यांच्या वतीनं केलेली, नवऱ्यानं ठेवलेल्या नावाची, नवऱ्याच्या हस्ताक्षरातली. आणि मग ती माझीच आहे अशी शपथ घ्यायची होती. कशासाठी, तर त्यांच्या मालकीची गाडी नवऱ्याला चालवायची परवानगी देता यावी म्हणून. भँवरलालजी, टायपिस्ट, विनया आणि मी, सगळे त्या कागदाकडे बघत होतो. जमिनीच्या वाटपासाठी आलेले दोन भाऊही भांडण थांबवून बघत होते.

वहिनींनी पेन कागदावर टेकवलं. 'उ' खालून उचलला. अर्धा वळसा काढला आणि तिथेच थांबल्या. रुसलेल्या जावयाची मिशी काढताना लागायचा तेवढाच वेळ त्यांना लागला. मग त्यांनी पेन बंद करून फाइलीवर ठेवलं.

"नको," त्या म्हणाल्या. "गाडी उत्कर्षाची आहे ना. ती आली की तिच्याबरोबर तुम्ही या. मी चोवीसला पोचते."

आवाज अजिबात चढला नव्हता. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकाला भेटायची वेळ संपली हे सांगतात, तसा होता. त्यांनी फाइल पुढे ओढली, सातवा कप्पा उघडला आणि त्यातून आपली पानं काढली. मतदार कार्डाची झेरॉक्स, पॅन, आधार, फोटो. चौथ्या कलमासकट ते शपथपत्र त्यांनी घडी घालून भँवरलालजींच्या पेपरवेटखाली सरकवलं, त्यांना नमस्कार केला, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन रिक्षा थांबवली. विनया त्यांच्याबरोबर रिक्षात बसली. आपणही वहिनींबरोबर ट्रेननं जाणार, हे मला तिनं विचारलं नाही, संध्याकाळी कळवलं.

प्रल्हादरावही ट्रेननं जाऊ शकले असते. त्यांच्याकडे पासपोर्ट होता, कागदपत्रांत तफावत नव्हती, त्यांना नाव एकच आहे. पण अर्धवट सोडलेलं प्रकरण म्हणजे हरलेलं प्रकरण, असं त्यांचं तत्त्व आहे. आपण मागून गाडी घेऊन येतो आणि सव्वीसला सकाळी थेट मांडवात उतरतो, असं त्यांनी बावीसला स्टेशनवर जाहीर केलं. वहिनींनी खोकी मोजली. चारही खोकी खालच्या बर्थखाली बसली, सरळ, एकमेकांना टेकून, दोरी न सोडता. प्रल्हादरावांनी वाकून खात्री करून घेतली. त्यांना ते आवडलं नाही.

पुढचे तीन दिवस मी उभ्या गाडीचा सहचालक होतो. सकाळी आम्ही निघायचो ते जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एका माणसाकडे, ज्याचा मेहुणा आरटीओत होता. दुपारी गॅझेटच्या जाहिरातीचा मसुदा. जाहिरातीवर अर्जदार बाईची सही लागते हे तिथे कळलं. प्रल्हादरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खरोखरच्या खिडकीसमोर ते आयुष्यात पहिल्यांदाच उभे होते, आणि आतला माणूस त्यांचा विद्यार्थी नव्हता. त्यानं दोनदा 'अंकल' म्हटलं.

तेवीसला संध्याकाळी विनयाचा फोन आला. त्या पलीकडे पोचल्या होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला. सीमेवर किती वेळ लागला, असं प्रल्हादरावांनी विचारलं. चार मिनिटं, विनया म्हणाली. पोलिसानं कार्ड बघितलं, कुसुमजी, खोक्यात काय आहे, असं विचारलं. एक खोकं उघडून दाखवावं लागलं. सुपाऱ्यांचं वऱ्हाड बघून त्यानं दुसऱ्या पोलिसाला बोलावलं. दोघांनी मिळून नवरदेव कुठला ते ओळखायचा प्रयत्न केला आणि सनईवाल्यावर बोट ठेवलं. मग खोकं स्वतःच बांधून दिलं.

"आणि भन्सार?" प्रल्हादरावांनी विचारलं. "भन्सारचं काहीच नाही?"

"माणसाला भन्सार नसतं, भावजी," विनया म्हणाली.

सव्वीसला रुखवताचे फोटो आले. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा उडाला होता, बाकी सगळं शाबूत. जयंती आणि वहिनी टेबलामागे उभ्या होत्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, हॉस्टेलवरच्या मुली उभ्या राहतात तशा. प्रल्हादरावांनी फोटो मोठा करून पाहिला आणि मांडणीत थोडी गर्दी झाली आहे, असं मत दिलं. मांडवात ते उतरले नव्हते. गाडी दारातच होती.

विनया तीस तारखेला परत आली. वहिनी आल्या नाहीत. जयंतीनं ठेवून घेतलंय, विनया म्हणाली, शमिका सासरी गेल्यावर तिला घर खायला उठतंय. किती दिवस, ते ठरलेलं नव्हतं.

तीन डिसेंबरला प्रल्हादराव यशचा जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी बारा दिवस डाळ-भात खाल्ला होता, तोही शेजारून आलेला. ते म्हणाले की आपण आता मोठ्या मनानं पुढाकार घेणार आहोत. गोरखपूर ते जयपूर, खालचा बर्थ, आपणच काढून पाठवायचा. तिला तिकीट काढायचा त्रास नको. फॉर्म समोर आला. त्यांनी तारीख भरली, स्टेशनं भरली, वर्ग भरला. वय भरलं, मग बोटांवर मोजून ते बदललं. नावाच्या रकान्याशी थांबले.

"ओळखपत्राशी जुळायला हवं," ते म्हणाले. त्यांनी एका बोटानं पहिलं अक्षर दाबलं. के. मग माझ्याकडे बघितलं. "राजनराव, कुसुममध्ये यू असतो का डबल ओ?"

मी म्हणालो, कार्डावर काय आहे ते बघायला हवं. कार्डाची झेरॉक्स फाइलीतून वहिनींनी काढून नेली होती. विनयानं सीमेवर ते कार्ड पाहिलं असणार, पण ती तिच्या शाळेच्या मीटिंगला गेली होती. पेन्शनचे कागद बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर दोघांच्या नावावर असला तरी किल्ली कुठे असते ते वहिनींना माहीत. यशला फोन लावला, तो लागला नाही. रकान्यात के तसाच उभा होता. वेळ संपत आल्याचं लॅपटॉप दोनदा सांगून गेला.

शेवटी त्यांनी पोखऱ्याला फोन लावला. तीन-चार वेळा वाजल्यावर उचलला गेला. मागे भांड्यांचे आवाज होते आणि कोणीतरी हसत होतं.

"अगं, तुझं स्पेलिंग सांग," प्रल्हादराव म्हणाले. "तिकीट काढतोय."

"नका काढू," वहिनी म्हणाल्या. "निघायचं ठरलं की माझं मी काढीन."

फोन बंद झाला. प्रल्हादरावांनी तो टेबलावर ठेवला. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, डोंगराळ भाग आहे, रेंज मिळत नाही, नीटसं ऐकू आलं नाही.

फोन स्पीकरवर होता.